‘होल्टेज कमी आहे’ म्हणून सोडून देऊ नका

आपल्या भागात घरातला दिवा लुकलुकू लागला की कर्त्या माणसाचे उत्तर ठरलेले असते. मराठी घर असेल तर ‘होल्टेज कमी आहे’ आणि कन्नड घर असेल तर ‘होल्टेज इल्ल’. एकाच घरात दोन्ही भाषा नांदत असतील तर हे उत्तर दोनदा ऐकायला मिळते. मग फ्रिजची पिन काढायची, टीव्ही बंद करायचा, थोडा वेळ वाट पाहायची आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायचे. विषय संपला.

एकेकाळी हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरही असे. संध्याकाळी पिठाची गिरणी सुरू झाली, शेतातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की घरातला पिवळा बल्ब कंदिलासारखा तांबूस व्हायचा. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते आणि त्या ओढीत साऱ्या गल्लीचा दाब खाली बसतो. पिवळ्या बल्बचे एक बरे होते, तो खरे बोलायचा. दाब जरा उतरला की त्याचाही चेहरा उतरायचा.

आता तो बल्ब किती घरांत उरला आहे? जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली, एलईडी स्वस्त झाले आणि बघता बघता खेड्यापाड्यांत पोहोचले. चांगल्या एलईडी बल्बच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘१०० ते ३०० व्होल्ट’ असे काहीतरी छापलेले असते. आपली घरगुती वीज २३० व्होल्टची. ती १८० वर घसरली तरी असा बल्ब जवळजवळ तेवढाच उजेड देतो, कारण दाब सांभाळून घेणारे छोटे सर्किट त्याच्या पोटातच असते. म्हणजे आज असा एलईडी लुकलुकत असेल, तर कमी दाबावर संशय सर्वांत शेवटी घ्यायला हवा. बल्ब बदलला, पण आपले उत्तर मात्र जुनेच राहिले.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. वायरिंग हा काही माझा विषय नव्हे. पण माझे माहेर उदगीरचे, सासर कमलनगरचे, सासरचे घर जुने, आणि गेल्या पावसाळ्यात त्या घराचे सगळे वायरिंग नव्याने करून घ्यायची वेळ आली. पंधरा दिवस मी वायरमनच्या मागे बॅटरी धरून उभी होते आणि मनात येईल ते विचारत होते. त्यातून जे उमगले, आणि नंतर वाचून जे पक्के झाले, ते इथे सांगते. आपल्या सीमाभागातली बरीचशी घरे एकाच वळणाची आहेत, म्हणून ते इतरांच्याही उपयोगी पडावे.

किती दिवे? कुठले? आणि केव्हा?

वायरमन घरात आला तेव्हा त्याने आधी पक्कड काढली नाही. खाली बसला, पाणी प्यायला आणि प्रश्न विचारू लागला. किती दिवे लुकलुकतात? सगळे की एकच? आणि नेमके केव्हा? डॉक्टर नाडी बघण्याआधी विचारतात तसे. या प्रश्नांची उत्तरे घरातले कुणीही देऊ शकते आणि त्यातच निम्मा शोध होऊन जातो.

एकच दिवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा त्या दिव्यातच असतो. बटन बंद करून तो बल्ब दुसऱ्या खोलीत लावून पाहावा. तिथेही लुकलुकला तर बल्ब संपत आला आहे. एलईडीच्या आतला कपॅसिटर उष्णतेने कमजोर होतो. तिथे नीट लागला तर दोष पहिल्या जागी, म्हणजे होल्डरमध्ये किंवा बटनात. होल्डरमधल्या दोन पिनांच्या स्प्रिंग ढिल्या होतात, टोके काळी पडतात. ट्यूब असेल तर आधी स्टार्टर बदलून बघायचा, हे तर आपल्याला बापजाद्यांपासून माहीत आहे.

इथे एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. काही घरांत बटन बंद केल्यावरही एलईडी काजव्यासारखा मिणमिणत राहतो. मुले त्याला भूत म्हणतात. बटनावर लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणाऱ्या किंचित करंटने असे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण इंडिकेटर नसताना दिवा मिणमिणत असेल, तर बटन फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवले असण्याची दाट शक्यता असते. अशा ठिकाणी बटन बंद असले तरी होल्डरमध्ये करंट जिवंत असतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढणाऱ्याला ते ठाऊक नसते. अशी जागा असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत मेन बंद केल्याशिवाय तिथे हात घालू नये.

एका खोलीतले सगळे दिवे लुकलुकत असतील तर त्या खोलीचा बोर्ड किंवा त्याच्या मागचा जोड पाहायचा. सगळे घर लुकलुकत असेल तर मेन स्विच, मीटर किंवा खांबावरून येणारी सर्व्हिस वायर. आणि शेजारच्या घरीही तेच चालू असेल तर दोष बाहेर, खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरवर. उदगीरकडे त्याला डीपी म्हणतात, इकडे टीसी म्हणतात. आमच्या घरात दोन्ही शब्द चालतात.

‘केव्हा’ हा प्रश्न तर फार बोलका आहे. वारा सुटला की लुकलुकते? मग खांबावरचा किंवा भिंतीवरचा सर्व्हिस वायरचा जोड हलतो आहे. पाऊस पडला की? मग कुठेतरी ओल वायरपर्यंत पोहोचली आहे. मिक्सर, इस्त्री किंवा पाण्याचा रॉड लावला की? मग वाटेतला एखादा जोड ढिला आहे. आमच्याकडे हे शेवटचे घडत होते. मिक्सर सुरू केला की स्वयंपाकघरातली ट्यूब आणि शेजारच्या खोलीतला दिवा एकाच तालात लुकलुकायचे.

ढिला जोड

आमच्या घराचा पुढचा भाग जुना, माळवदाचा. तिथे वायर सागवानी पट्टीवरून तुळईच्या कडेने गेलेली, आणि ती ॲल्युमिनियमची. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जड छपरांखाली माणसे कशी गेली हे आपल्या भागाने पाहिले. त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी मागच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधले. नव्या खोल्यांत तांब्याची वायर आली. पण ती मेनपर्यंत वेगळी नेली नाही. जुन्या ॲल्युमिनियमला नवे तांबे पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोड दिला गेला. असे जोड आपल्याकडे घरोघरी असतील.

या दोन धातूंचे जमत नाही. ॲल्युमिनियमवर हवेने चटकन एक थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. शिवाय वायर तापली की फुगते, निवली की आकसते. पिळलेला जोड वर्षागणिक ढिला होत जातो. त्यात माळवदातून पावसाची ओल आली की दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो. आमचा जोड उघडला तेव्हा टेप वितळून चिकटली होती, तिच्याखाली पांढरी भुकटी होती आणि त्यावरच्या लाकडी पट्टीला रुपयाएवढा काळा डाग पडला होता.

या डागाचा हिशेब वायरमनने पाटीवर मांडल्यासारखा सांगितला. जोडात अर्ध्या ओहमचाच अडथळा आहे असे धरू. त्यातून १० अँपिअर करंट गेला, म्हणजे एखादा मोठा रॉड चालू असला, की त्या एका बोटभर जागेत ५० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात डाग देण्याचे जे गरम आयर्न असते ते साधारण २५ वॅटचे. म्हणजे दोन आयर्न माळवदाच्या कोरड्या लाकडाला टेकवून ठेवल्यासारखे झाले.

मग फ्यूज का उडत नाही, एमसीबी का पडत नाही? कारण त्यांच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. फ्यूज आणि एमसीबी करंट जास्त झाला की तुटतात. इथे करंट तर नेहमीचाच, दहा अँपिअर. सोळाचा एमसीबी तो निवांत जाऊ देतो. ढिल्या जोडाची बातमी ते देत नाहीत. ती देतो फक्त लुकलुकणारा दिवा, बोर्डातून येणारी ‘चर्र चर्र’, जळक्या प्लॅस्टिकचा वास आणि हाताला कोमट लागणारी पिन. त्या दिव्यालाच आपण ‘होल्टेज’ म्हणून गप्प करतो. यातले काहीही जाणवले तर ते उपकरण बंद करावे, त्या भागाचा मेन पाडावा आणि वायरमन येईपर्यंत तसाच ठेवावा.

किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळायची जी कला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, तिच्याबद्दल वेगळे लिहायची गरज नाही. फ्यूज उडू नये म्हणून केलेली ती सोय घर जळेपर्यंत उडत नाही.

वायरिंग जुने आणि भार नवा, हे यामागचे मोठे कारण. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली आणि १९०५ साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. बिदर जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९५६ साली तो म्हैसूर राज्यात आला. आपल्या गावांत तारा आल्या त्या आणखी पुढे, आणि आल्या तेव्हा घरात चार बल्ब, एक पंखा, फार तर एक रेडिओ एवढाच विचार होता. आज त्याच वायरीवर फ्रिज, मिक्सर, इस्त्री, बोअरची मोटार आणि २००० वॅटचा गिझर आहे. तो एकटा गिझरच जवळपास नऊ अँपिअर घेतो. २०२३ साली कर्नाटकात गृहज्योती योजना आली, २०० युनिटच्या आतल्या घरगुती वापराला ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिल राहिले नाही. चुलीवरचे पाणी रॉडवर आले. बिल गेले ते चांगलेच झाले, पण वायर तीच आहे.

गेलेली परत यायला हवी

आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. मराठीत ‘येतो’ म्हणायचे, कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, म्हणजे जाऊन येतो. विजेचेही तसेच आहे. फेजच्या तारेतून ती येते, दिव्यातून जाते आणि न्यूट्रलच्या तारेतून परत फिरते. परतीची वाट तुटली तर काय होते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. मला विचाराल तर शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात या गोष्टीला एक पूर्ण धडा द्यायला हवा.

घरातला न्यूट्रल तुटला तर दिवे जातात. आपण म्हणतो, करंट होयतु, लाईट गेली. पण फेज जिवंतच असतो. एखादे उपकरण चालू स्थितीत लावलेले असेल, तर अशा वेळी टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत लागतो. वायरमन ही खूण लगेच ओळखतात. घरच्यांनी एवढेच लक्षात ठेवायचे की ‘लाईट नाही’ म्हणजे ‘करंट नाही’ असे नव्हे. शेजारी उजेड आहे आणि आपल्याकडे अंधार, अशा वेळी मेन पाडल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये.

बाहेरचा न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला तर प्रकरण याहून अवघड. गल्लीत खांबांवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल फिरत असतो. कुठल्याही फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. न्यूट्रल गेला की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांतून जोडली जातात आणि तो ४०० व्होल्टचा दाब आपसात वाटून घेतात. ही वाटणी मोठी अन्यायाची असते. ज्या घरात गिझर-मोटार असे जड काही चालू आहे तिथे दाब पडतो, दिवे मंद होतात; आणि ज्या घरात दोनच दिवे लागले आहेत त्या घरावर दाबाचा मोठा वाटा येऊन कोसळतो. टीव्ही, पंखा, मोबाइलचा चार्जर सगळे एका दमात जळते.

याची खूण अशी की काही दिवे एकाएकी डोळे दिपवण्याइतके प्रखर होतात, पंखा जोरात धावू लागतो किंवा एका घरात प्रखर आणि शेजारी मंद असा खेळ चालतो. तो पाहत बसू नये. आधी मेन पाडावा, मग शेजाऱ्यांना हाक मारावी, मग तक्रार करावी. उपकरणे एकेक करून बंद करत फिरण्यात जाणारा वेळही महागात पडतो.

नळ जुम् अंतद

आता ज्या गोष्टीमुळे आमच्या घराचे वायरिंग बदलले, ती सांगते. ट्यूब लुकलुकत होती म्हणून कुणी वायरमन बोलावला नव्हता. ट्यूबला तर ‘होल्टेज’ होतेच.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अत्ती म्हणतो, पहाटे उठून न्हाणीघरात पाणी तापवतात. गेल्या आषाढात त्या दोन-तीनदा म्हणाल्या, ‘नळ जुम् अंतद.’ नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. नळ हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे घरात सगळ्यांना समजले. पण घेतले कुणी नाही. वय झाले, हाताला मुंग्या येतात, शुगर तपासा, असे सल्ले मिळाले. त्यांच्या मोठ्या मुलाने कोरड्या पायांत चप्पल घालून नळ धरून दाखवला आणि काही होत नाही असे जाहीर केले. चप्पल घातल्यावर काय होणार?

चौथ्यांदा त्या हात झटकून मागे सरल्या आणि पाण्याची कळशी पडली. त्या दिवशी मी वायरमनला फोन केला. तो भालकीकडचा, कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच वाक्यात बोलणारा. घरातले पुरुष त्याला समजावून सांगू लागले. त्याने त्यांचे ऐकून घेतले आणि मग अत्तींकडे वळून विचारले, ‘अव्वा, यावाग शुरु आयतु?’ केव्हापासून सुरू झाले?

‘मळि बंदाग,’ त्या म्हणाल्या. पाऊस आल्यावर. मग जरा विचार करून, ‘रॉड हच्चिदाग.’ रॉड लावला की.

त्याने मेन पाडला. मग मागच्या भिंतीवरची अर्थिंगची तार हाताने चाचपत चाचपत गेला. ती तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती. जुन्या काळी ही सर्रास पद्धत होती. लोखंडी पाइप जमिनीतून लांबवर गेलेला असायचा, त्यामुळे तोच अर्थिंगचे काम करायचा. पण मध्यंतरी गळती लागली म्हणून जमिनीतला पाइप बदलला होता आणि त्याच्या जागी प्लॅस्टिकचा घातला होता. वर न्हाणीघरात लोखंडाचा हातभर तुकडा आणि नळ तेवढा शिल्लक. अर्थिंगची तार त्या तुकड्याला बांधलेली, आणि तो तुकडा कुठेच जोडलेला नाही.

याचा परिणाम उलटा झाला होता. रॉडच्या आत ओल शिरून तो गळू लागला होता. गळणारा करंट अर्थच्या तारेतून जमिनीत जायचा. त्याऐवजी तो त्या तारेतून नळात येऊन थांबला होता आणि जमिनीत जायला वाट शोधत होता. पहाटे ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून नळ धरणारे माणूस हीच ती वाट. घरात जिला सुरक्षेची तार म्हणतात, तिनेच करंट नळापर्यंत आणून सोडला होता.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा अलीकडच्या वर्षांत देशभरात बारा हजारांच्या वर असतो. त्यातले शेतातले किती, घरातले किती, हा भाग वेगळा. मला त्या आकड्यात एक पहाट दिसते. झिणझिण्या हा इशारा असतो, आणि तो घरात बहुतेक वेळा तिलाच आधी मिळतो जिचे हात दिवसभर ओले असतात.

मग काय केले? रॉड त्याच दिवशी फेकला. परसात खड्डा घेऊन लोखंडी पाइपाची नवी अर्थिंग केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात हातहात भेगाळते आणि तेव्हा अर्थिंग निकामी होऊ लागते. म्हणून चैत्र-वैशाखात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन-चार घागरी पाणी ओतायचे. नातवंडांनी हे काम आनंदाने घेतले आहे.

पण वायरमन म्हणाला की नुसत्या अर्थिंगवर विसंबू नका, आणि त्याचे गणित मला पटले. समजा खड्ड्याचा अडथळा २० ओहम आहे. २३० व्होल्टला त्यातून साडेअकरा अँपिअर करंट जाईल. सोळाचा एमसीबी तेवढ्याने पडणारच नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही गिझरची टाकी जिवंत. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी वेगळे यंत्र लागते, त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांची ते सतत तुलना करते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज भलत्याच वाटेने जाऊ लागली, की क्षणार्धात सगळे बंद. पुन्हा तेच, ‘होगि बर्तीनि’. गेलेले सगळे परत आले नाही तर दार बंद. एका बऱ्या साडीच्या किमतीत ते बसते.

त्यावर ‘टी’ अक्षराचे एक बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबून बघायचे. आरसीसीबी पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे. आणि काही घरांत तो सारखा पडतो म्हणून लोक तो काढून टाकायला सांगतात, हे मात्र भयंकर आहे. सारखा पडतो याचा अर्थ बहुधा घरात कुठेतरी गळती आहे; ती शोधायची.

गळती आहे का, याचा एक सोपा अंदाज घरच्या घरी घेता येतो. सगळी बटने बंद करा, सगळ्या पिना काढा, इन्व्हर्टरही बंद करा आणि मीटरकडे बघा. मीटरवरचा छोटा लाल दिवा वापराप्रमाणे उघडझाप करतो. काहीच चालू नसताना त्याची उघडझाप चालूच असेल, तर वीज कुठेतरी झिरपते आहे. पूर्वी बिल वाढले की हे लक्षात यायचे. आता बिल शून्य आले की त्यावरचे युनिट कुणी वाचत नाही. वाचत जा.

वायरमनला काय विचारायचे

काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे, हे वेगळे सांगायला नको. पण समोर उभे राहून काही गोष्टी विचाराव्यात. दिव्यांना दीडची वायर, मोठ्या प्लगना अडीचची, गिझरला चारची, हा साधारण प्रघात. दुकानातून आणताना आयएसआयचा शिक्का पाहून घ्यावा. न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा, फेज लाल, पिवळा किंवा निळा. दुकानात उरलेल्या एकाच रंगाची वायर सगळीकडे ओढू देऊ नये. दहा वर्षांनी येणारा दुसरा वायरमन त्याच रंगांवर भरवसा ठेवणार आहे. वाटेत भिंतीच्या पोटात जोड नको, जोड बोर्डात किंवा डब्यातच हवा. गिझर, मोटार, फ्रिज यांना मेनपासून स्वतंत्र लाईन. आणि तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या भोकात घुसवलेले काही दिसले तर ते आधी बदलायला लावावे. तिसरी पिन म्हणजेच अर्थ.

आमच्याकडे सगळे घर एकदम करण्याइतके पैसे नव्हते. वायरमनने क्रम लावून दिला: आधी आरसीसीबी आणि अर्थिंग, मग स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, मग माळवदाचा भाग. ज्यांना टप्प्याटप्प्याने करायचे आहे त्यांनी हा क्रम धरायला हरकत नाही.

कुणाला धक्का बसलाच तर त्याला ओढायला धावू नका. आधी मेन पाडा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा. मग १०८ ला फोन. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर दाब देत राहा, गाडी येईपर्यंत.

दोष मीटरच्या अलीकडचा असेल तर तो आपला. मीटर, सर्व्हिस वायर आणि खांब कंपनीचे. तिकडे स्वतः हात लावायचा नाही, शेजारच्या धीट पोरालाही चढवायचे नाही. आपल्याकडे २००२ पासून जेस्कॉम आहे, सीमेपलीकडे उदगीरला महावितरण. तक्रारीचा नंबर दोन्हीकडे १९१२. फोनवर नुसते ‘लाईट नाही’ म्हटले तर ती शंभरातली एक तक्रार होते. ‘न्यूट्रल गेला आहे, दिवे प्रखर होत आहेत’, ‘खांबावर ठिणग्या उडत आहेत’, ‘तार खाली आली आहे’ असे नेमके सांगावे आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. ते लोक आर.आर. नंबर विचारतात, महाराष्ट्रात ग्राहक क्रमांक. तो बिलावर असतो, आणि अंधारात बिल सापडत नाही. आमच्या घरी तो आता मीटरच्या पेटीवरच रंगाने लिहून ठेवला आहे. वरच्या ओळीत अत्तींसाठी कन्नड आकड्यांत, खाली आमच्यासाठी मराठीत.